प्रॉस्पेक्टसमध्ये विषय छापता, शिकवणाऱ्याचाही कॉलम छापा

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर बातमी होती का नवीन शैक्षणिक धोरणात पोरांना पाहिजे तो विषय घेता येते, सायन्सवाला इतिहास घेऊ शकते, आर्ट्सवाली कॉम्प्युटर घेऊ शकते वगैरे. बातमी चुकीची नाही, कागदावर तसंच आहे. पण मी तालुक्याच्या ठिकाणी झेरॉक्स अन् ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवतो, बारावीचा निकाल लागला का महिना-दीड महिना माझ्याकडे उभं राहायला जागा नसते, स्क्रीनवर काय दिसते अन् नंतर वर्गात काय भेटते हे दोन्ही मी दरवर्षी पाहून राहिलो, म्हणून हे पत्र. लांब झालं तर कापा, पण मधला दगड-कोळशाचा भाग तेवढा ठेवा.

आमच्या गावात एक छोटं ख्रिश्चन कॉलेज आहे. नाव लिहीत नाही, कारण मी तिथलाच, १९९६ चा बीए, अन् भांडण काही त्या एका कॉलेजशी नाही, आजूबाजूच्या चार कॉलेजात हेच चालू आहे. पहिले एक गैरसमज काढून टाकतो. दुकानात दरवर्षी दोन-चार बाप काउंटरवर वाकून हळूच विचारतात, "भाऊ, तिथं बायबल शिकवतात का जी?" नाही शिकवत ना बाप्पा. विद्यापीठाचा जो बीए बाकी कॉलेजात तोच तिथं. सकाळी प्रार्थना होते, डिसेंबरात नाताळचा कार्यक्रम होते, आम्ही तीन वर्षं केक खाल्ला, काही झालं नाही. घटनेच्या कलम ३० नं अल्पसंख्याकांना आपलं कॉलेज काढायचा अन् चालवायचा हक्क दिला आहे, अन् कलम २८ मध्ये हे पण लिहिलं आहे का सरकारची मान्यता किंवा अनुदान असलेल्या संस्थेत कोणाला मर्जीशिवाय धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही. ज्याला पाद्री व्हायचं त्याचं शिक्षण वेगळंच राहते, आपल्या यवतमाळातच १९५३ पासून युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, १९८३ मध्ये ती पुण्याला गेली. तर आमच्या या कॉलेजात ख्रिश्चन पोरं मोजकीच, बाकी कुणबी, तेली, बौद्ध, गोंड, बंजारा असे सगळे, जसं गाव तसा वर्ग. पोरीचे बाप तर मुद्दाम तिथंच टाकतात, मिशनचं कॉलेज आहे, शिस्त आहे अन् इंग्रजी सुधरते म्हणून.

आता इंग्रजीचंच ऐका. आमच्या वेळी बीएला कम्पल्सरी इंग्लिश, मराठी, अन् वरून तीन विषय घ्यायचे. मी इंग्रजी साहित्य, अर्थशास्त्र अन् राज्यशास्त्र घेतलं होतं. साहित्याच्या वर्गात आम्ही नऊ जण. नऊच. पण सर असे शिकवायचे का बाजूच्या कॉमर्सवाले खिडकीत येऊन उभे राहायचे. ते सर रिटायर झाले, जागा भरली नाही, दोन-तीन वर्षं तासिकेवर (म्हणजे तासाप्रमाणे पैशावर) कोणी येत होतं, त्याला नागपुरात चांगलं भेटलं तर तो गेला, अन् मग विषय "तात्पुरता बंद" झाला तो अजून बंदच आहे. म्हणजे ज्या इंग्रजीसाठी बाप पोरीला तिथं टाकते तोच विषय तिथं मेजर, म्हणजे मुख्य विषय, म्हणून घेता येत नाही, पण प्रॉस्पेक्टसमध्ये अजून छापून येते, कारण संलग्नता, म्हणजे विद्यापीठाची मान्यता, रद्द झाली नाही. मी विचारलं तर ऑफिसातले बाबू म्हणाले, "कागदावरून काढलं तर परत भेटत नाही ना भाऊ." त्यांचंही खरं आहे.

आता नवीन सिस्टम. आपल्या विद्यापीठांत संलग्न कॉलेजांना हे धोरण २०२४-२५ पासून लागू झालं. फॉर्मवर आता मेजर, मायनर (जोडीचा दुसरा विषय), ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला विषय), अन् मग कौशल्य, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान, खेळ-कला अशा छोट्या विषयांचे व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी अशी रांग लागते, सेमिस्टरला २२ क्रेडिट (क्रेडिट म्हणजे तासांवर मोजलेला अभ्यास), तीन वर्षांचे १३२, चौथं वर्ष केलं का ऑनर्सचे १७६. एक वर्षानं सोडलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा. एक बाप मला म्हणाला, "हे मायनर काय आहे भाऊ, माझी पोरगी तर अठरा पूर्ण झाली, आधार कार्डावर पहा." हसू आलं, पण त्याची काय चूक, त्याला ना कॉलेजनं सांगितलं ना मी नीट सांगू शकलो. मी पण त्या दिवशी रात्री मोबाईलवर जीआर वाचत बसलो होतो.

माझी पुतणी मागच्या साली तिथं बीएला लागली. ओपन इलेक्टिव्हच्या लिस्टमध्ये बरीच नावं होती, पर्यटन, पोषण आहार, पर्यावरण, बेसिक कॉम्प्युटर, अजून काय काय. तिनं कॉम्प्युटर टाकलं. जुलै गेला, ऑगस्टमध्ये पोळ्याच्या आसपास नोटीस लागली का सगळ्या वर्गाला एकच ओपन इलेक्टिव्ह राहील, कारण शिकवायला एकच मॅडम. मॅडम चांगल्या आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही, त्या बिचाऱ्या स्वतःचा विषय सांभाळून हे करून राहिल्या. पण मग त्या लिस्टचा अर्थ काय राहिला. लग्नाच्या पत्रिकेत वीस पदार्थ छापायचे अन् पंगतीत बसल्यावर वरण-भात-वांग्याची भाजी वाढायची अन् वरून म्हणायचं का पत्रिकेत तर होतं.

हे असं काहून होते ते मी थोडं समजून घेतलं, एका रिटायर प्राध्यापकांनी दुकानात बसून चहासोबत समजावलं. गोष्ट वर्कलोडची आहे. एका सहायक प्राध्यापकाची जागा टिकायला आठवड्याला १६ तास शिकवणं दाखवावं लागते. पोरं कमी झाली का तास कमी, तास कमी का जागा धोक्यात, तो माणूस रिटायर झाला का जागा जाते, जागा गेली का विषय तासिकेवर, तासिकेवाल्याला तासाप्रमाणे पैसे, तेही वेळेवर नाहीत, तो टिकत नाही, मग पोरं म्हणतात तिथं शिकवायलाच कोणी नाही, अन् अजून कमी होतात. नवीन विषय काढायचा म्हणलं तर विद्यापीठाच्या बृहत आराखड्यात, म्हणजे कुठं कोणतं कॉलेज-कोर्स काढायचा त्या यादीत, पाहिजे, संलग्नता पाहिजे, सरकारची परवानगी पाहिजे, अन् भेटला तरी बहुतेक विनाअनुदानित, म्हणजे मास्तरचा पगार पोरांच्या फीमधून. सोयाबीनचा भाव पडलेला असताना कोणता बाप ती फी भरणार. म्हणून मी कॉलेजला शिव्या देत नाही. छोट्या कॉलेजचे हात खरंच बांधलेले आहेत. पण खोटी लिस्ट छापायला तर कोणी सांगितलं नाही ना.

तसंच बीसीएचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या डिग्रीचं. दोन-तीन वर्षांपहिले कॉलेजनं मोठा बॅनर लावला होता, "बीसीए लवकरच". मग २०२४ मध्ये बीबीए-बीसीएला एआयसीटीई (तंत्रशिक्षणाची केंद्राची परिषद) आली अन् राज्यात सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, लागली, इकडच्या अर्ध्या पोट्ट्यांना सीईटी झाल्यावरच समजलं का सीईटी होती. बॅनर अजून आहे, उन्हानं पांढरा झाला.

आता दगडाची गोष्ट, जी मला खरी सांगायची आहे. आमचा तालुका कोळसा पट्ट्यातला, रात्री गच्चीवर झोपलं तर ब्लास्टिंगचा हादरा लागते, रस्त्यावर डब्लूसीएल या सरकारी कोळसा कंपनीच्या गाड्यांची धूळ. घुग्घुस, राजुरा, गडचांदूरकडे गेलं का कोळसा अन् सिमेंट, भंडाऱ्याकडे मॉइल या सरकारी कंपनीचं मँगनीज, गडचिरोलीत सुरजागडचं लोखंड, बुलडाण्यात लोणार. एवढं सगळं जमिनीत असताना आमच्या पोराला बीएस्सीला भूगर्भशास्त्र, म्हणजे जिऑलॉजी, घ्यायचं म्हणलं तर तालुक्यात कुठंच नाही. भूगोल भेटते, तोही आर्ट्समध्ये अन् नकाशे १९९० चे.

अन् गंमत पहा. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज सगळ्यांना माहीत आहे, १८८३ चं. पण ज्याच्या नावानं ते आहे तो स्टीफन हिस्लॉप कोण होता हे विचारा, दहातले नऊ जण म्हणतील कोणी इंग्रज असेल. तो स्कॉटलंडचा मिशनरी, १८४५ मध्ये नागपूरला आला, पुढच्या साली शाळा काढली, अन् धर्मप्रचार करता करता नागपूरच्या आजूबाजूचे दगड अन् जीवाश्म गोळा करत फिरला, रॉबर्ट हंटर नावाचा सोबती होता. त्यांनी इथल्या खडकांवर १८५० च्या दशकात लंडनच्या जर्नलमध्ये लेख लिहिले, इकडेच मांगलीला सापडलेल्या एका जुन्या प्राण्याच्या कवटीचा जीवाश्म तिकडे रिचर्ड ओवेननं अभ्यासला. हिस्लॉपाइट नावाचं खनिज पण आहे. गोंडांच्या गोष्टी अन् रूढी त्यानं लिहून ठेवल्या, त्या तो मेल्यावर छापल्या गेल्या. १८६३ मध्ये टाकळघाटकडची जुनी दगडी वर्तुळं पाहून परत येताना नाल्याच्या पुरात बुडून मेला. म्हणजे आपल्या भागात दगड वाचायला ज्यांनी सुरुवात केली त्यातला एक जण मिशनरी, अन् आज आमच्या मिशनच्या कॉलेजात, खाणीपासून सायकलनं जाता येईल अशा ठिकाणी, तो विषयच नाही. कोणाला यात काही वाटत नाही का.

मी कोणाला उगाच स्वप्न दाखवत नाही. नुसतं बीएस्सी जिऑलॉजी करून कोणी नोकरी हातात देत नाही, एमएस्सी करावं लागते, ते नागपूर विद्यापीठात आहे, अमरावतीला आहे, मग यूपीएससीची जिओ-सायंटिस्टची परीक्षा, भूजल सर्वेक्षण, खाणी, सिमेंट कंपन्या, बोअरवाल्यांना पाणी पाहून देणारे, असे रस्ते निघतात. पण ज्यानं पहिल्या पायरीलाच विषय पाहिला नाही तो एमएस्सीला जाणार कुठून. आज खाणीत आमच्या गावचं पोट्टं गेटवर सिक्युरिटी म्हणून उभं आहे अन् आत कोळशाचा थर कुठं जाते ते सांगणारा बाहेरून येते. ज्या काळ्या मातीत त्याचा बाप कापूस लावते ती बेसाल्टची, साडेसहा कोटी वर्षांपहिलेची लाव्हा, अन् त्याच्या खालचा कोळसा २५ कोटीच्याही पलीकडचा, हे त्याला कोणी सांगितलंच नाही.

"मग नागपूरला पाठवा ना पोराला" असं म्हणणारे पण येतात. पाठवतो, पोराला पाठवतो. पोरीला नाही पाठवत, हे आपण सगळे जाणून आहोत. बारावीपर्यंत पोरीला एसटीचा पास फुकट, सीनियर कॉलेज लागलं का पासचे पैसे सुरू, अन् सकाळची गाडी चुकली का दिवस गेला. रूम, मेस, सगळं जोडा. त्यात नदीची गंमत वेगळीच, वर्धेच्या अलीकडे यवतमाळ जिल्हा, अमरावती विद्यापीठ, पुलाच्या पलीकडे चंद्रपूर जिल्हा, गोंडवाना विद्यापीठ. दहा किलोमीटरवरचं कॉलेज पण विद्यापीठ दुसरं, सिलॅबस दुसरा. क्रेडिट बँक नावाच्या ऑनलाइन खात्यात क्रेडिट जमा राहतात, कुठंही नेता येतात म्हणतात. नेऊन दाखवलेला पोरगा अजून माझ्या दुकानात आला नाही, आला का त्याला चहा माझ्याकडून.

माझं मागणं लय छोटं आहे. प्रॉस्पेक्टसमध्ये अन् ऑनलाइन लिस्टमध्ये विषयाच्या समोर एक कॉलम टाका, शिकवणारा परमनंट आहे का तासिकेवर आहे का सध्या कोणीच नाही, अन् मागच्या साली हा विषय किती पोरांनी घेतला अन् पहिला तास कोणत्या तारखेला झाला. बस. पंधरा नावं नको, पाच लिहा पण खरी लिहा. पाचवर पोरं कमी येतील असं कॉलेजवाले म्हणतात, मला नाही वाटत, फसलेला बाप दहा जणांना सांगते तेव्हा जास्त कमी होतात. अन् आजूबाजूच्या तीन-चार छोट्या कॉलेजांनी मिळून एक जिऑलॉजीवाला माणूस ठेवला, आठवड्याचे दिवस वाटून घेतले, बाकीचं स्वयम या केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरून केलं, नाही तरी ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथून घ्यायची सोय आहे, तर मायनर म्हणून तरी हा विषय सुरू होऊ शकते. फक्त ते व्हिडिओ कॉलेजच्या कॉम्प्युटर रूममध्ये बसून दाखवा, घरी जाऊन पहा म्हणू नका, आमच्या गावात रेंज यायला पाण्याच्या टाकीवर चढावं लागते. फील्ड प्रोजेक्टचे क्रेडिट तर आहेतच, ते सध्या गूगलवरून कॉपी करून माझ्याच दुकानात स्पायरल बाइंडिंगला येतात, मी किती पाहिले. त्याच्या जागी पोट्ट्यांना एक दिवस नाल्याच्या काठावर न्या, दगड हातात द्या.

हे पत्र छापायचं असेल तर विदर्भाच्या आवृत्तीत अन् बारावीच्या निकालाच्या पहिले छापा. नंतर छापलं तर फॉर्म भरून झालेले राहतात. छापलं तर मी ते कापून काउंटरच्या काचेखाली लावतो, फॉर्म भरायला आलेल्यांना तेवढंच वाचायला होईल, सर्व्हर डाऊन असला का तसे लोक अर्धा-अर्धा तास उभेच राहतात.

आपला,
एक फॉर्मवाला, वर्धा नदीकाठ, विदर्भ