आमच्या बागेचं डोमेन परस्पर दुसऱ्याच्या हाती दिल्याबद्दल तक्रार

देवगड तालुका, जि. सिंधुदुर्ग
१५ एप्रिल २०२४

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
डोमेन नोंदणी विभाग

महोदय,

२०११ पासून आमच्या आंबाबागेच्या नावाचं डॉट कॉम डोमेन, म्हणजे साइटचा इंटरनेटवरचा पत्ता, तुमच्याकडे नोंदवलेलं होतं. मुदत संपायच्या आधीच मी दरवर्षी पैसे भरते, एकदाही चुकलेली नाही. आज ती साइट उघडली की आमच्याच कलमांचे फोटो दिसतात, आंबे उतरवायचा झेला हातात धरलेले माझे सासरेही दिसतात. पैसे भरायचा क्यूआर कोड मात्र भलत्याच कुणाचा आहे.

मला हे ५ एप्रिलला कळलं. डोंबिवलीच्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईंचा फोन आला, "पेटी मिळाली, पण हा तुमचा आंबा नाही. साल जाड आहे आणि वासच नाही." आम्ही त्यांना पेटी पाठवलीच नव्हती, त्यांची ऑर्डरच आमच्यापर्यंत आली नव्हती. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा वाटलं होतं की परराज्यातला आंबा देवगडच्या नावावर खपवणं आता तरी थांबेल. आता तो खुद्द आमच्या दारावरच्या पाटीखाली विकला जातो आहे. निदान त्या बाईंना काहीतरी मिळालं. पुण्यातल्या दोघांचे पैसे गेले आणि पेटीही आली नाही.

तुमच्याच मदत केंद्राकडून तुकड्या-तुकड्यांनी जी माहिती मिळाली ती अशी: २६ मार्चला कुणीतरी फोन करून, माझ्या नावाचं कसलंसं ओळखपत्र पाठवून, खात्यातला ईमेल पत्ता बदलून घेतला. त्या दिवसांत आमच्याकडे शिमगा होता, घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. २७ तारखेला डोमेन दुसरीकडे हलवू न देणारं कुलूप काढलं गेलं, हस्तांतराचा गुप्त कोड दिला गेला आणि १ एप्रिलला डोमेन परदेशातल्या दुसऱ्या नोंदणी कंपनीकडे गेलं. मधल्या पाच दिवसांत मालकाने हरकत घ्यायची असते. त्यासाठीची सूचना तुम्ही पाठवलीत, पण त्या नव्या पत्त्यावर, म्हणजे चोरालाच. माझ्या जुन्या पत्त्यावर एक ओळ नाही, मोबाइलवर एक एसएमएस नाही.

आयकॅन, म्हणजे जगभरच्या डोमेन नावांचे नियम ठरवणारी संस्था, तिच्या नियमांप्रमाणे मालकाचा ईमेल बदलला तर तो मालकीतला बदल धरतात आणि त्यानंतर ६० दिवस डोमेन दुसऱ्या कंपनीकडे हलवता येत नाही. मालकाने आधीच त्यातून सूट घेतली असेल तरच ते हलतं. मी अशी सूट कधीच घेतलेली नाही. मग सहाव्या दिवशी ते गेलं कसं? हे मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं: "डोमेन आता आमच्याकडे नाही, नव्या कंपनीशी संपर्क साधावा."

माझ्या सासूबाई विचारतात, "आंबो चोरीक जाता, पण नाव कसां चोरीक जाता?" त्यांना मी काय सांगू? सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच, सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या खटल्यात, डोमेन नावाला व्यापारचिन्हासारखं संरक्षण मिळतं असं म्हटलं आहे. आमच्यासाठी ते नाव म्हणजे वाशीच्या घाऊक बाजारातल्या दलालाशिवाय आंबा विकायची एकमेव वाट आहे. तेरा वर्षांची ओळख त्यात आहे.

माझ्याकडून राहिलेलंही सांगते. खात्याला दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय, लावलेली नव्हती. आमचा कामाचा ईमेलही त्याच डोमेनवर होता, त्यामुळे डोमेन गेल्यापासून गिऱ्हाइकांची सगळी पत्रं चोराला मिळत आहेत. आमच्या दुसऱ्या, डॉट इन डोमेनला आता वेगळा ईमेल दिला आहे, पासवर्ड बदलला आहे, पडताळणी ॲपवर घेतली आहे, कुलूप चालू आहे का ते दर सोमवारी हूइजवर, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदीत, पाहते. गावातल्या होमस्टेवाल्यांनाही हेच करायला लावलं. पण इथे चोराने माझा पासवर्ड वापरलेलाच नाही. तुमच्या माणसाने फोनवर दार उघडून दिलं. त्यापुढे माझं कुठलं कुलूप टिकणार होतं?

सायबर गुन्ह्याची तक्रार १९३० या हेल्पलाइनवर आणि पोर्टलवर हे कळलं त्याच दिवशी केली आहे. तुमच्याकडून मला हे हवं आहे: नव्या कंपनीच्या आणीबाणीच्या हस्तांतर संपर्कावर आजच कळवा. त्यांच्याकडच्या माणसाला चार तासांत उत्तर देणं बंधनकारक आहे. तेवढ्याने डोमेन परत आलं नाही तर आयकॅनच्या हस्तांतर तंटा प्रक्रियेत दावा लावा. तो मला लावता येत नाही, नोंदणी कंपनीलाच लावावा लागतो. २६ मार्चच्या फोनचं रेकॉर्डिंग, ते ओळखपत्र आणि खात्यातल्या बदलांची पूर्ण नोंद माझ्याकडे आणि पोलिसांकडे द्या. आणि यापुढे कुणाचाही ईमेल बदलण्याआधी जुन्या पत्त्यावर आणि मोबाइलवर विचारल्याशिवाय बदलू नका.

१० मेला अक्षय्य तृतीया आहे. वर्षाच्या निम्म्या ऑर्डरी त्याआधीच्या तीन आठवड्यांत येतात. सात दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९ च्या कायद्याने ती तक्रार मला इथूनच, सिंधुदुर्गातूनच करता येते.

पैसे भरल्याच्या पावत्या, चालू साइटचे स्क्रीनशॉट आणि मदत केंद्राकडे केलेल्या तिन्ही विचारणांची उत्तरं सोबत जोडली आहेत. कृपया ईमेलऐवजी नोंदवलेल्या मोबाइलवरच फोन करा. दिवसा आम्ही काढणीला बागेत असतो, तिथे रेंज नसते, म्हणून संध्याकाळी सातनंतर करा.

आपली ग्राहक,
एक बागायतदार