विन्या, गच्चीचं काम काढण्याआधी

दांडिया बाजार, बडोदे

प्रिय विन्या,
सप्रेम नमस्कार.

फोटो मिळाले. छताला पिवळा डाग, वर गच्चीवर नेमकं त्याच जागी डांबराचं ठिगळ, आणि डाग हलायला तयार नाही. कसा हलेल? पाणी जिथे शिरतं तिथेच टपकतं असं थोडंच आहे! कोब्याच्या, म्हणजे स्लॅबवरच्या विटा-सिमेंटच्या थराच्या, पोटातून ते ढाळाकडे सरकत जातं आणि स्लॅबला भेग सापडली की उतरतं. तेव्हा डागाच्या डोक्यावर खोदू नकोस, ढाळाच्या वरच्या अंगाला शोध. कठड्याच्या बुडाशी एक रेघ दिसते आहे, माझा संशय तिच्यावर. आणि डागाजवळचा तो पंखा तूर्त बंद ठेव, वायरिंगमध्ये पाणी उतरलं तर महागात पडेल.

तुमच्या रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस, आमच्याकडे 900च्या आसपास. तरी इथली धाबी, म्हणजे सपाट गच्च्या, गळतातच, कारण उन्हाळा. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. स्लॅब दिवसा फुगतो, रात्री आकसतो, आणि कठड्याशी असलेला सांधा सुटतो. पहिली जोराची सर तिथूनच आत.

आमच्या धाब्याचं काम झालं तेव्हा मिस्त्रीने आधी कठड्याचं प्लास्टर बुडापासून फूटभर फोडलं. भेग छिन्नीने रुंद केली, तारेच्या ब्रशने घासली, धुतली, पॉलिमर मिसळलेला माल ठासून भरला. मग वाटा काढला, म्हणजे काटकोनाच्या जागी सिमेंटचा गोलवा, आणि कोटिंग त्यावरून कठड्यावर चढवलं. एकेका कोपऱ्यात माणूस इतका वेळ बसायचा की शेजारच्या काकू म्हणाल्या, हा रोजावर आहे वाटतं! पण खरं काम कोपऱ्यातच असतं. मधली मोकळी जागा कोणीही रंगवेल.

तुझ्याकडे 10 वर्षांची वॉरंटी सांगत आलेल्याला एवढंच विचार: ढाळ किती देणार? 100 फुटांना 1 फूट हे कमीत कमी, म्हणजे 10 फुटांत सव्वा इंच. तुमच्या पावसात मी याहून जास्त मागेन, आणि पाणी जायला एकाऐवजी दोन तोंडं. उत्तर न देता तो केमिकलचा डबा दाखवायला लागला, तर चहा पाजून वाटेला लाव. पाणी साचलेलं राहिलं तर भारीतलं कोटिंगही कधी ना कधी हार मानतं.

जुन्या कोब्यावर नवा कोबा मात्र घालू देऊ नकोस. 4 इंच कोबा म्हणजे चौरस मीटरला 200 किलोच्या आसपास ओझं. जुना काढायला त्रास होतो म्हणून सगळे वरच थर चढवतात, आणि भार स्लॅब सोसतो. पोपडे पडून सळई दिसत असेल, तर वॉटरप्रूफिंगवाल्याच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलाव.

वरून आम्ही पांढऱ्या चिनी मातीचे तुकडे बसवून घेतले, चायना मोझॅक. ऊन परततं, आणि उत्तरायणाला अख्खी गल्ली धाब्यावर पतंग घेऊन नाचते, तेव्हा उघडं मेम्ब्रेन, म्हणजे पाणी अडवणारं पातळ आवरण, टिकलं नसतं. तुला पतंगांची भीती नाही. तू सरळ वर पत्र्याची शेड घाल असंच मी म्हणेन, फक्त नगरपालिकेला विचारून आणि वाऱ्याने उडणार नाही अशी बांधून. उतरतं छप्पर कोकणाला शोभतं. सपाट गच्चीचा हट्ट आपण शहरवाल्यांनी तिकडे नेला.

आत्ता भर पावसात काही करू नकोस. ओल्या पृष्ठभागावर कोटिंग धरत नाही. पाइपांची तोंडं साफ कर, ताडपत्री टाक. दिवाळीनंतर काम काढ. कोबा झाला की तोंडं बुजवून 2 इंच पाणी 2-3 दिवस भरून ठेव आणि खालून छत बघत राहा. त्या आठवड्यात मी येतोच आहे. मिस्त्रीचा शेवटचा हप्ता तोवर देऊ नकोस, तो कितीही गोड बोलला तरी.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बापू