मा. क्रीडामंत्र्यांना खुले पत्र : माळ उतरली, फॉर्म अडला

प्रति,
मा. क्रीडामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स.न.वि.वि.

साहेब, मी कोल्हापूरची. ३१ वर्षं शाळेत पी.टी. शिकवली, त्यातली शेवटची बारा वर्षं फुटबॉलचे संघ सांभाळले. आता निवृत्त आहे. गुडघे कुरकुरतात, तरी शाहू स्टेडियमवर मॅच असली की पायऱ्यांवर जाऊन बसतेच. हे पत्र एका फॉर्मबद्दल आहे.

कोरोनानंतरच्या पहिल्या हंगामातली गोष्ट. माझ्या शाळेत एक पोर होतं. डावा पाय असा, की कॉर्नर घेतला की चेंडू वळून बरोबर लांबच्या खांबाशी पडायचा. दाखल्यावर ‘मुलगा’. ते स्वतःला मुलगी म्हणायचं, पण हळू आवाजात. आठवीत केसांत जट दिसली आणि घरच्यांनी यल्लम्माचं बोलावणं मानून गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ घातली. पोर देवाला सोडण्याविरुद्धचा कायदा मी आजीला ऐकवून आले होते, दोन दिवस बोलणंही बंद होतं आमचं. पण एक कबूल करते. जे मी, शाळेनं, समुपदेशनाच्या तासानं दिलं नाही ते देवीनं दिलं. त्या दिवसापासून घरात तिला कुणी ‘बायल्या’ म्हणालं नाही. म्हणून मीही इथून पुढं ‘ती’च लिहिते.

ती मुलांच्या संघातून खेळायची. शाळेच्या एका मॅचला पंचांनी माळ काढायला सांगितली. पंचांचं बरोबर होतं. फुटबॉलच्या चौथ्या नियमाप्रमाणं अंगावर दागिना चालत नाही, टेपनं झाकलेलाही नाही. माझ्या पोटात गोळा आला, म्हटलं आता आजी मैदानातच अंगात आणते. आजी आली, माळेला हात लावून डोळे मिटले, माळ उतरवली आणि पदराच्या गाठीत बांधली. म्हणाली, “आईला मी सांगतो, तू जा खेळ.” मॅच संपेपर्यंत गाठ मुठीत धरून आजी रेषेबाहेर उभी होती.

श्रद्धा दोन मिनिटांत वाकली, साहेब. संघटना कशी वाकली नाही ते आता सांगते.

बाहेरच्या वाचकांना ठाऊक नसेल, पण आमच्याकडं तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हे. तीच गणपती बसवते, तीच फुटबॉलचा संघ उतरवते, आणि वॉर्डातली मतं कुठं पडणार हेही तिच्याच कट्ट्यावर ठरतं. त्यात वाईट काही नाही. पेठापेठांची ईर्षा नसती तर या गावात फुटबॉल टिकलाच नसता. पण त्या वर्षी महापालिकेची मुदत संपलेली आणि निवडणूक आज लागते की उद्या, अशी हवा. मुलांच्या एका स्थानिक स्पर्धेचा फॉर्म घेऊन आम्ही मांडवात गेलो. मागं फ्लेक्सवर सहा नेते, चेंडू कोपऱ्यात, लिंबाएवढा. टेबलावरच्या गृहस्थांनी फॉर्म बघितला, तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. “बाई, हे कुठं बसवायचं?”

मी म्हटलं, दाखल्यावर मुलगा आहे, स्पर्धा मुलांची आहे, वय बसतंय. अडचण काय? अडचण कागदात नव्हतीच. ते खालच्या आवाजात म्हणाले, “साहेब बक्षीस द्यायला येणार. फोटो निघणार. समोरचे लोक त्याचं काय करतील सांगा. धर्माचं काहीतरी काढतील.” त्यांनी पेन खाली ठेवला आणि फॉर्म बाजूला सरकवला. नाकारला नाही, घेतलाही नाही.

हे लक्षात घ्या. तिला अडवणारा कुठलाही नियम तिथं नव्हता. नियम नव्हता, म्हणूनच एका पक्षाच्या कार्यकर्त्याची धास्ती नियम झाली.

पुढच्या वर्षी तिनं मुलींच्या संघाचं विचारलं. मी नाही म्हटलं, आणि ते मला आजही चुकीचं वाटत नाही. माझ्या संघातल्या मुली पहाटे पाच वाजता उठून भाकऱ्या थापून सरावाला यायच्या. वयात आल्यावर मुलाच्या शरीरात जो जोर येतो त्याच्याशी त्यांनी का झुंजावं, हा प्रश्न खोटा नाही. जागतिक अ‍ॅथलेटिक्स महासंघानं मार्च २०२३ मध्ये, क्रिकेटच्या आयसीसीनं त्याच वर्षी नोव्हेंबरात, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं जून २०२५ पासून ट्रान्स महिलांना महिला गटातून वगळलं. त्यावर वाद आहे, होऊ द्या. पण आंतरराष्ट्रीय पदकासाठीचा नियम आणि नवव्या इयत्तेतल्या पोरानं शनिवारी कुठं खेळायचं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडं त्यांची खिचडी होते.

आणि तपासणीच्या नावाखाली काय होतं तेही आपण पाहिलंय. शांती सौंदराजन २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटरमध्ये रुपेरी पदक जिंकली आणि लिंगचाचणीनंतर ते काढून घेतलं गेलं. द्युती चंदला २०१४ च्या ग्लासगोला जाऊ दिलं नाही, पुढच्या वर्षी तिनं क्रीडा लवादात तो नियमच थांबवून दाखवला. या दोघी तर जन्मापासून मुली म्हणूनच वाढलेल्या. चव्हाट्यावर सगळ्या सारख्याच येतात.

धर्म आड येतो म्हणावं तर तेही पटत नाही. तालमीच्या लाल मातीत बाईचा पाय पडू नये, मारुती ब्रह्मचारी, हे ऐकतच मी वाढले. २०२३ साली सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, मारुती काही कोपला नाही. डोक्यावरचा रुमाल आणि पगडी २०१४ पासून फुटबॉलच्या मैदानात चालते. कुणीतरी बसून ठरवलं, म्हणून चालते. शेजारच्या कर्नाटकात जोगती मंजम्मांना, यल्लम्माची माळ घातलेल्या तृतीयपंथी लोककलावंताला, २०२१ ची पद्मश्री मिळाली.

आमच्याच गावातलं सांगते. सौंदत्तीच्या यल्लम्माला जाऊन माणसं परतली की ओढ्यावरच्या रेणुकेला आंबील यात्रा भरते. मी दरवर्षी जाते. वांगं-वरण्याची भाजी, भाकरी, कांद्याची पात, आंबील. गेल्या खेपेला माझी ती खेळाडू भेटली, डोक्यावर देवीची मूर्ती असलेला जग, कपाळभर भंडारा. माझ्या पुढं रांगेत एका क्रीडा संघटनेचे पदाधिकारी होते. त्यांनी तिच्या परडीत ५१ रुपये टाकले, वाकून पाया पडले आणि म्हणाले, “पोराची निवड होऊ दे गं आई, राज्याच्या संघात.” तिनं भंडारा लावला. माझ्याकडं बघून हसली, बस्स.

खेळात राजकारण नको, असं भाबडेपणानं मी म्हणणार नाही. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान बांधलं, तीही सत्ताच होती. पण राजाश्रय वेगळा आणि खुर्चीची ओढाताण वेगळी. कुस्तीतल्या दोन गटांपायी नोव्हेंबर २०२३ मध्ये एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाले, एक फुलगावला, एक धाराशिवला. ऑगस्ट २०२२ मध्ये फिफानं आपल्या भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केलं, तेव्हा १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक हातचा जायची वेळ आली होती. भांडतात पुढारी, पोरं मात्र घरी बसतात.

तर साहेब, मागणं एवढंच आहे. २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्ती संरक्षण कायद्याचं कलम १३ सांगतं, की सरकारमान्य शाळेनं या मुलांना खेळाची संधी भेदभाव न करता द्यायची. त्या कलमाखाली शालेय व जिल्हा स्पर्धांसाठी तुमच्या खात्यानं एक परिपत्रक काढावं. मुलांच्या किंवा खुल्या गटात कागद पुरे असतील तर कुणालाही अडवता येणार नाही, हे त्यात स्पष्ट लिहा. मुलींच्या गटाचा प्रश्न आला तर तो डॉक्टर, महिला खेळाडू आणि एखादी तृतीयपंथी व्यक्ती अशांच्या समितीपुढं जाऊ द्या, आणि पक्षाचं पद असलेल्या माणसाला तिथं बसवू नका. मैदानावर कुणाच्या अंगाची तपासणी नको. आणि फॉर्म नाकारायचा असेल तर लेखी नाकारा, कारणासह, सहीसह. पोलीस भरतीत तृतीयपंथींसाठी रकाना आणायला उच्च न्यायालयाला सांगावं लागलं होतं. इथं ती वेळ का यावी?

हे किरकोळ वाटेल तुम्हाला. पण त्या फॉर्मातून स्पर्धा, स्पर्धेतून प्रमाणपत्र, प्रमाणपत्रातून दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आणि पुढं नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण. जिल्ह्यातली किती घरं या साखळीवर उभी राहिली ते मी मोजलेलं आहे. तिची साखळी पहिल्याच कडीला सुटली. दहावीनंतर ती शाळेत आली नाही.

त्या फॉर्मची झेरॉक्स सोबत जोडली आहे. लिंगाच्या रकान्यासमोर कुणीतरी पेन्सिलनं प्रश्नचिन्ह काढलंय. खाली सहीची जागा कोरी आहे.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका
कोल्हापूर