काळी दोनमध्ये रडणारी म्हातारी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

आठ महिने मी पत्र लिहिले नाही, तुझे फोन दोन मिनिटांत आटोपते घेतले, आणि शेवटी रागावून तू तेही करायचे सोडलेस, हे सगळे मला मान्य आहे. कामाचा व्याप वगैरे सबबी तुला सांगण्यात अर्थ नाही. खरे कारण म्हातारी, म्हणजे आपली जुनी गाडी आहे, आणि ते तुझ्याशिवाय कुणाला सांगितले तर तो मला वेड्यात काढील. प्रकृती ठीक आहे, गुडघा होता तसाच आहे. आता मूळ विषयाकडे वळतो.

म्हातारी रडायला लागली होती. सुरुवातीला तो आवाज इतका बारीक होता की खिडकीच्या रबरातून वारा शिरत असावा असे वाटे. मी रबर बदलले, यावर तू हसशील ते हसून घे. महिन्याभरात मात्र ताशी ५५ ते ६५ किलोमीटरच्या दरम्यान ती असा सूर धरू लागली की मागच्या बाकावरचा माणूस बोलता बोलता थांबून छताकडे बघे. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की सूर भरायचा. पाय काढला की क्षणभर विरायचा आणि मग जरा घोगरा होऊन परत यायचा. मामांनी एकदा शांतपणे विचारले, "गाडीत कुत्र्याचे पिल्लू आहे का?"

मी तपास पद्धतशीर केला, निदान तशी समजूत करून घेतली. आधी संशय टायरांवर होता, कारण आपले जाड नक्षीचे टायर गुळगुळीत रस्त्यावर मुळातच गुणगुणतात. पण टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो, आणि हवेचा दाब वाढवला तरी थोडाफार बदलतो. इथे डांबर असो, काँक्रीट असो, कच्चा रस्ता असो, सूर जागचा हलेना. मग मोकळ्या रस्त्यावर वळणे घेऊन पाहिली. व्हील बेअरिंग गेले असेल तर गाडी एका बाजूला कलली की त्या बाजूचे चाक ओरडते आणि दुसऱ्या बाजूला कलली की गप्प बसते. तसे काही झाले नाही. तरीही अण्णांच्या आग्रहाखातर मी मागची दोन्ही बेअरिंगे बदलली, कारण अण्णांशी वाद घालण्यापेक्षा बेअरिंग बदलणे सोपे असते, हे तुला ठाऊक आहेच.

त्यानंतर ६० ला न्यूट्रल केले. इंजिन खाली आले, पण आवाज चाकांबरोबर सावकाश उतरत गेला; म्हणजे इंजिन आणि क्लच सुटले. चौथा गिअर सरळ असतो, त्यात ताकद थेट पुढे जाते आणि गिअरबॉक्सची खालची दांडी ओझ्याविना फिरते; तिसऱ्यात तिच्यावर ओझे येते. तिसऱ्यात आणि चौथ्यात त्याच वेगाला सूर एकच लागला, म्हणून गिअरबॉक्सही निर्दोष ठरवला. इथपर्यंत माझे डोके ठिकाणावर होते. पुढे मिस्त्री म्हणाले, "साहेब, ट्रान्स्फर केस", म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी, आणि मी मान डोलावली. पटण्यासारखेच होते म्हणा. आपल्या गाडीत दोन चाकांवर चालतानाही सगळी ताकद मधल्या गिअरमधून जाते, त्यामुळे तो जन्मभर ओझे वाहत असतो. शिवाय आवाज पुढच्या सीटच्या बरोबर खालून येतो असे मी शपथेवर सांगायला तयार होतो. तीन आठवडे पेटी उघडी पडली होती. बेअरिंगे नवी, सील नवी, पातळ पत्र्याच्या शिम मोजून बसवलेल्या. गाडी बाहेर काढली, ५५ ला आली, आणि म्हातारीने जिथे सोडला होता तिथूनच सूर उचलला. ट्रान्स्फर केसमधून चाकांकडे ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट म्हणजे एक पोकळ नळी आहे, आणि एका टोकाचा आवाज ती दुसऱ्या टोकाला नेऊन पोहोचवते, हे मला त्या दिवशी नीट कळले.

कोडे सोडवले ते तुझ्या वहिनीने. ती शेजारी बसली होती, मी चिडून गप्प होतो, आणि ती आपल्याच नादात म्हणाली, "ही बरोबर काळी दोनमध्ये गाते." मी गाडी बाजूला घेतली. घरी आल्यावर बाजाच्या पेटीवर तिने तो सूर दाबून दाखवला: मधल्या सप्तकातली काळी दोन, म्हणजे सेकंदाला ३११ कंपने. वेग मी स्पीडोमीटरवर नव्हे तर फोनवर बघून नेमका ६० ठेवला होता. चाकाला खडूची खूण करून एक फेरा जमिनीवर मोजला, तो २.२ मीटर भरला. ६० चा वेग म्हणजे सेकंदाला १६.६७ मीटर, म्हणजे चाकाचे सेकंदाला साडेसातहून किंचित अधिक फेरे. मागच्या डिफ्रन्शलमध्ये, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या गोळ्यात, चाकांबरोबर फिरणाऱ्या मोठ्या क्राउनला ४१ दात आहेत, आणि शाफ्टच्या टोकाशी त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनला १०. गुणाकार करून बघ: सेकंदाला ३१० हून थोडे अधिक दात एकमेकांत शिरतात. ट्रान्स्फर केसच्या मागच्या गिअरला २७ दात आहेत आणि तो शाफ्टबरोबर सेकंदाला ३१ फेरे घेतो. त्याचा सूर ८४० च्या आसपास, पार वर तार सप्तकात लागला असता. एका कागदावर, पाच मिनिटांत होणारा हिशोब, आणि मी तीन आठवडे चुकीच्या सप्तकात चोर शोधत होतो.

तू म्हणशील की पुढच्या डिफ्रन्शललाही तेवढेच दात आहेत. बरोबर आहे, म्हणून पुढच्या चाकांना डिफ्रन्शलशी जोडणारे हब मोकळे केले. तसे केल्यावर पुढचा शाफ्ट आणि क्राउन फिरतच नाहीत. आवाज कायम राहिला. मग मागचा प्रोपेलर शाफ्ट सोडवला, हब लावले, फोर-व्हील टाकून नुसत्या पुढच्या चाकांवर गाडी हाकली. माझी अपेक्षा अशी होती की आता सगळे शांत होईल. तसे झाले नाही. आवाज मवाळ झाला, पण राहिला. पाच मिनिटे मी निराश होतो आणि मग लक्षात आले की हाच खरा पुरावा आहे, कारण शाफ्ट नसला तरी मागची चाके क्राउनला आणि क्राउन पिनियनला फिरवत असतोच, फक्त त्यांच्यावर ओझे नसते. शाफ्ट काढल्यावर जो सूर ओझे उतरल्यासारखा मवाळ होतो, पण उरतो, तो शाफ्टच्या पलीकडचा असतो, अलीकडचा नव्हे.

या आनंदात मी एक मूर्खपणा केला. घरी आलो, फोर-व्हील काढले, पहिला गिअर टाकला, हँडब्रेक ओढला आणि उतरलो. आपला हँडब्रेक चाकांवर नाही, ट्रान्स्फर केसच्या मागच्या तोंडावर आहे. आणि शाफ्ट तर माझ्या मागच्या सीटवर आडवा पडलेला. म्हातारी अगदी सभ्यपणे, आवाजसुद्धा न करता, उतारावरून निघाली आणि कुंपणाच्या भिंतीला जाऊन टेकली. भिंतीचे काही झाले नाही. बंपरचे झाले, पण तो तसाही तुझ्या हातून आधीच वाकलेला होता, तेव्हा नवा पोचा मी तुझ्याच खात्यावर मांडला आहे.

शाफ्ट परत जोडून २५ किलोमीटर फिरवून आणले आणि खाली शिरलो. डिफ्रन्शलच्या गोळ्यावर हात ठेवता येत होता. पिनियनच्या नाकावर मात्र दोन सेकंदही टेकवेना. तेल काढले. चुंबकाच्या बुचावर राखाडी मलम असते ते चालते, पण यात बोटांना टोचणारे चकचकीत कपचे होते. (तेल तू सांगितलेलेच होते, जीएल-५ दर्जाचे. क्राउन-पिनियनला ते हवे आणि गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना नको, यावर आपण एक अख्खा प्रवास भांडलो होतो. तू बरोबर होतास. हे वाक्य मी पुन्हा लिहिणार नाही, जपून ठेव.)

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते सांगतो. शाफ्ट पुन्हा उतरवला, रॉकेलच्या बोळ्याने पिनियनचा नट पुसला, आणि काळ्या चिकट थराखालून तुझे ठिपके वर आले. एक नटावर, एक शाफ्ट जोडायच्या चकतीवर, म्हणजे फ्लँजवर, सेंटर पंचाचे, छोटे आणि नीटस, तुझ्या अक्षरासारखे. तीन वर्षांपूर्वी आपण सील बदलले तेव्हा नट सोडवण्याआधी तू ते मारलेस, आणि "सोन्याचा दागिना आहे का?" म्हणून मी तुझी थट्टा केली. परत बसवताना तू ठिपका ठिपक्यासमोर आणलास, मोहरीभर पुढे नेलास आणि पाना खाली ठेवलास. आता ते ठिपके समोरासमोर नाहीत. नटावरचा ठिपका पुढे गेला आहे, करंगळीच्या नखाच्या रुंदीइतका.

तो मी नेला. तू गेल्यावर दुसऱ्या दिवशी सीलखाली ओल दिसली. ती आदल्या दिवशी सांडलेल्या तेलाची असणार हे आज कळते. तेव्हा वाटले की तू भिऊन नट ढिला सोडलास. मी पान्याला पाइप लावला आणि एक झटका दिला. साधारण फेऱ्याचा बारावा हिस्सा. आटे १.५ मिलिमीटरचे आहेत, म्हणजे पिनियनच्या दोन बेअरिंगांच्या मधली, त्यांचा ताण ठरवणारी ती पातळ नळी मिलिमीटरच्या आठव्या भागाइतकी जास्त चेपली, आणि ती एकदा चेपली की परत उमलत नाही, नट नंतर सैल केला तरी नाही. तेव्हापासून ती बेअरिंगे आवळलेल्या गळ्याने फिरत होती. तापली, झिजली, आणि झिजल्यावर पिनियन आपली जागा सोडून क्राउनवर वाकडा घासू लागला. आवाज दातांचा होता, पण पाप पाइपचे होते.

एवढेच असते तर मी फोनवरच हसत सांगितले असते. पण आवाज सुरू झाला तेव्हा अण्णांनी विचारले, "नट कोणी आवळला होता?" आणि मी तुझे नाव सांगितले. ते खोटे नव्हते, आणि म्हणूनच ते मला इतके सहज सांगता आले. पुढे मामांनी सगळ्यांसमोर तुला "पाइपवाले" म्हटले, तू काहीच बोलला नाहीस, उठून हात धुवायला गेलास. आणि मी पानातल्या घासाकडे बघत राहिलो. पाइप होता हे त्या घरात एकट्या मला ठाऊक होते. ते ठिपके पाहिल्यानंतर मी अण्णांना आणि मामांना दोघांनाही खरे काय ते सांगितले. अण्णा बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "त्याला लिही. फोन करू नकोस."

तुझ्या बदलीचे काय झाले? चिरंजीवांचा निकाल चांगला लागल्याचे तुझ्या वहिनीकडून कळले. त्यांचे अभिनंदन माझ्या वतीने तूच कर.

नवी बेअरिंगे, नवी नळी, सील आणि नट आणून ठेवले आहेत. क्राउनचे दात तुटलेले नाहीत, पण निळी लावून ठसा घेतला तर तो दाताच्या मधोमध न येता एका टोकाला सरकलेला दिसतो. वाकडे घासायची सवय लागलेले दात नव्या बेअरिंगवरही थोडे कुरकुरतील, असे मला वाटते. क्राउन-पिनियनच्या दातांमधली मोकळीक ०.१५ ते ०.२० मिलिमीटरमध्ये डायल गेजवर मी एकटा बसवू शकेन. पिनियनच्या बेअरिंगांचा ताण मात्र एकट्याने नको. एकाने नट थोडा थोडा आवळायचा आणि दुसऱ्याने फ्लँजला दोरी गुंडाळून ताणकाट्याने ओढून बघायचे. आपला फ्लँज मध्यापासून ५ सेंटिमीटरचा आहे, तेव्हा काटा तीन किलोच्या आसपास दाखवू लागला की हात थांबायला हवा. माझा हात थांबत नाही, हे आता लेखी झालेच आहे. म्हणून म्हातारी ठोकळ्यांवर उभी आहे आणि तू येईपर्यंत त्या नटाला मी हात लावणार नाही.

ताणकाटा माझ्याकडे सापडत नाही. तो तुझ्याकडे आहे की अण्णांकडे, तेवढे कळव. तुझ्याकडे असेल तर येताना घेऊन ये.

तुझा,
पाइपवाला