माझ्या रक्ताचं काय झालं?

चि. रेवा,
अनेक आशीर्वाद.

काल तुझा फोन ठेवला आणि बाबा लगेच पेढे आणायला गेले. मी मात्र ओट्याशी तशीच उभी राहिले. लंडनच्या प्रकल्पात तुझी निवड झाली, टीबीचे नमुने गोळा करायला तू केपटाऊनजवळच्या वस्त्यांमध्ये जाणार, याचा आनंद आहेच गं. पण फोनवर बोलता आलं नाही ते लिहिते.

तू तेव्हा दुसरीत होतीस. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात लॅब टेक्निशियन. एक परदेशी पथक आलं, सोबत आपल्याकडचेच काही मोठे डॉक्टर. तीन आठवडे गावात होते. रक्त मी काढलं, बेडक्याच्या डब्या मी गोळा केल्या, प्रत्येक डबीवर नंबर मी घातला, घाबरलेल्या बायकांना "मी आहे ना" असं मीच म्हटलं. शेवटच्या दिवशी बर्फाच्या पेट्या गाडीत चढल्या आणि गाडी गेली. मी दोन पत्रं टाकली, उत्तर आलं नाही. वरच्या आळीतल्या एक मावशी दर बाजाराच्या दिवशी लॅबच्या खिडकीशी यायच्या. "बाई, माझ्या रगताचं काय झालं ओ?" दोन वर्षं विचारत होत्या. मग विचारायच्या थांबल्या, आणि ते मला जास्त लागलं. पुढे कितीतरी दिवस त्या आळीतून तपासणीला कुणी येईना. आले नाहीत ते माझ्या शब्दावर विसंबलेले लोक होते.

म्हणून बाहेरचा पैसा नको, बाहेरची माणसं नकोत, असं मी म्हणत नाही. टीबीच्या ट्रेनिंगमध्ये आम्हाला मद्रासच्या अभ्यासाबद्दल शिकवलं होतं, ते मी विसरलेली नाही. तुझ्या आजोबांचे थोरले भाऊ वानलेसवाडीच्या सॅनिटोरियममध्ये वर्षभर होते, त्यासाठी विहिरीकडची पट्टी विकावी लागली. तेव्हा समज असाच होता की क्षय बरा व्हायचा तर मोकळी हवा, विश्रांती आणि दूध-अंडी हवीत. आपल्या देशात एवढ्या खाटा आणायच्या कुठून? १९५६ साली मद्रासमध्ये केंद्र सुरू झालं. आयसीएमआर म्हणजे आपली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल, असे चौघे एकत्र आले. वॉलेस फॉक्स नावाचे ब्रिटिश डॉक्टर तिथे येऊन राहिले. १९३ रुग्ण घेतले. कोण सॅनिटोरियममध्ये जाणार आणि कोण आपल्या दाटीवाटीच्या घरी राहणार, हे चिठ्ठी टाकावी तसं ठरवलं. गोळ्या दोघांना त्याच. घरी राहिलेल्या रुग्णांना ना विश्रांती, ना दूध-अंडी. नर्स न सांगता घरी जायच्या, उरलेल्या गोळ्या मोजायच्या, लघवी तपासून औषध पोटात गेलंय का ते बघायच्या. वर्षाअखेर दोन्हीकडचे रुग्ण जवळजवळ सारखेच बरे झाले होते, आणि घरातल्या माणसांना जास्त लागणही झाली नाही. पुढे श्रीमंत देशांनीही रुग्णांना खाटेवरून उठवून घरी पाठवायला सुरुवात केली, त्यात या अभ्यासाचा वाटा मोठा.

यातलं मला काय भावतं सांगू? प्रश्न मद्रासचा होता. उत्तर सगळ्यात आधी मद्रासच्या कामी आलं. १९५९ साली या अभ्यासाचा शोधनिबंध छापला गेला तेव्हा लेखक म्हणून मद्रासच्या केंद्राचं नाव होतं. आणि ते केंद्र गाडीत घालून कुणी नेलं नाही. आजही ते चेन्नईत आयसीएमआरची क्षयरोग संशोधन संस्था म्हणून उभं आहे.

तू जिथे जातेयस त्याच देशातल्या सान या आदिवासी लोकांनी २०१७ साली संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता तयार केली. संशोधक निष्कर्ष कळवायचं कबूल करतात आणि कळवत नाहीत, हा अनादर आम्ही वारंवार सोसला, असं त्यांनी त्यात लिहिलंय. ते वाचताना मला वरच्या आळीतल्या मावशीच दिसल्या.

तेव्हा जायच्या आधी तुझ्या साहेबांना विचार, हा प्रश्न कुणी काढला? तिथल्या डॉक्टरांनी की लंडनमध्ये बसून? नमुने तिथेच तपासता येत असतील तर विमानात कशाला घालायचे? मशीन नेणार असाल तर ते चालवायला तिथलंच माणूस शिकवा आणि काम संपल्यावर मशीन तिथेच राहू द्या. आणि निकाल सांगायला परत जायचं, त्याचा खर्च आत्ताच बजेटात धरून घे. नंतर पैसे उरत नाहीत. तू नवी आहेस, तुझं ऐकतील न ऐकतील. तरी विचार.

तिथेही लॅबमध्ये कुणीतरी बेडक्याच्या काचपट्टीवर रंग घालून खाली स्पिरिटचा दिवा धरून बसलेली असेल. वाफ निघाली पाहिजे पण उकळी फुटता कामा नये, म्हणून श्वास धरून. मग सूक्ष्मदर्शकाखाली निळ्यात टीबीच्या जंतूंच्या त्या लाल काड्या शोधत, एकेक फील्ड सरकवत, मान अवघडेपर्यंत. माझी बत्तीस वर्षं त्यात गेली. निबंधात तिचं नाव घालायचं बघ.

मेथीच्या लाडवांचे दोन डबे बांधलेत, एक तिच्यासाठी. पोचलीस की पहिल्या फोनला मला तिचं नाव सांग.

तुझी,
आई