मानधन नव्हे, वेतन

अंगणवाडी सेविकांच्या मानधनवाढीच्या मागणीची बातमी वाचली. मागणी रास्तच आहे, पण आक्षेप 'मानधन' या शब्दालाच आहे. व्याख्यानमालेतल्या वक्त्याला किंवा स्पर्धेच्या परीक्षकाला शाल-श्रीफळासह आदराने दिली जाते ती रक्कम म्हणजे मानधन. संस्कृतात तर मान हेच ज्याचे धन, तो मानधन! सेविकेचे काम असे प्रासंगिक आहे का? बालकांचे वजन-उंची घेणे, ती 'पोषण ट्रॅकर' या मोबाइल अ‍ॅपमध्ये भरणे, पूरक आहार, गृहभेटी, गरोदर मातांच्या नोंदी, शिवाय वरून येणारी सर्वेक्षणे. हे सारे रोजचे, ठरलेल्या वेळेचे आणि वरिष्ठांना हिशेब देण्याचे काम आहे. तरीही १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत (अंगणवाड्या याच योजनेच्या) सेविका अजून 'मानसेवी'च!

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये सेविका व मदतनिसांना उपदान (ग्रॅच्युइटी) कायदा लागू असल्याचा निकाल देताना, त्यांचे मानधन हे त्या कायद्यानुसार वेतनच ठरते, असे स्पष्ट केले. शासनाने 'मानधन' हा शब्द आपल्या निर्णयांतून काढावा. तोवर निदान वृत्तपत्रांनी तरी 'वेतन' लिहायला सुरुवात करावी, ही विनंती.

– एक वाचक, सातारा