सुमे, घे ते परफ्यूम

इंदूर

प्रिय सुमे,

भाचीच्या लग्नात लावायला हे परफ्यूम घेऊ का, असं विचारलंस. घे. मात्र पहिल्या वासावर त्याची पारख करू नकोस.

तू पाठवलेल्या कुपीतलं मनगटावर लावलं, तर आधी संत्र्याच्या सालीचा झणका आला आणि पाठोपाठ दालचिनी-लवंग. शेजारच्याला शिंक यावी इतकं तिखट, वर गोडही. दुकानात लोक कागदाची पट्टी हुंगून इथेच निकाल देतात. पण संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन १७६ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं, लवंगेतलं युजेनॉल २५४ ला आणि व्हॅनिलाला वास देणारं व्हॅनिलिन थेट २८५ ला. हलकं असतं ते आधी उडून जातं. ज्यासाठी पैसे मोजायचे, ते मागाहून येतं.

आणि काय येतं गं! लवंग मवाळ होते आणि तिच्याखालून अंबर वर येतं. सिस्टसच्या झुडपाची राळ म्हणजे लॅब्डॅनम, शिवाय लोबान आणि व्हॅनिला, अशा मिश्रणातून हा वास बांधतात. यातल्या लॅब्डॅनमला चामड्यासारखी, किंचित कडसर छटा असते. ती नसती तर हे नुसतं बासुंदीसारखं गोडमिट्ट झालं असतं. मला त्यातला हा कडसरपणाच सर्वांत आवडला. शेवटी मसाला विरतो आणि नुसतं व्हॅनिला उरतं, तेवढा भाग साधारण आहे.

रात्री ते लावूनच आम्ही सराफ्यात, इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात गेलो. गराडूचा (तळलेल्या कंदाचा) मसाला, तूप, जिलबीचा पाक, सगळे वास एकमेकांत मिसळलेले. तिथे त्याचा पत्ताच लागला नाही. राजवाड्यापाशी मोकळ्या, गार हवेत आलो आणि शालीतून पुन्हा ते दरवळायला लागलं. याला थंडीच हवी, सुमे. तुमच्या नागपूरच्या मे महिन्यात लावशील तर सगळं एकदम उसळेल आणि त्या गोडव्याने डोकं धरेल. लग्न मार्गशीर्षातलं आहे, म्हणूनच बिनधास्त हो म्हणतेय.

पैठणीवर मात्र चुकूनही फवारू नकोस. व्हॅनिलिन काळाने तपकिरी पडतं, रेशमावरचा डाग निघायचा नाही. तुझी त्वचा नाजूक, आणि लवंग-दालचिनीतली द्रव्यं काहींना खाज आणतात. तेव्हा आधी कोपराच्या आत थेंबभर लावून दिवसभर वाट बघ. बाटली ३० मिलीचीच घे, हे थोडंसंच पुरतं.

काकूंना नमस्कार, भाचीला आशीर्वाद. लग्नाची तारीख कळव, तिकिटं काढायची आहेत.

तुझी,
मंदा